चाळिसाव्या पानावरचा मासा

बाबांनी आयुष्यातली पहिली कादंबरी वाचली ती एकाहत्तराव्या वर्षी, आणि तीही चुकीची.

तोवर त्यांचं वाचन म्हणजे लिफ्टच्या यंत्रांची माहितीपुस्तकं आणि वर्तमानपत्राचं शेवटचं पान. पस्तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांशी दाराच्या फटीतून गप्पा मारत त्यांना सुखरूप खाली आणावं ते बाबांनीच. पण कादंबरी हा प्रकार काही त्यांच्या गळी उतरला नव्हता. जे झालंच नाही ते कशाला वाचायचं, असं ते म्हणत. आई पुस्तकातून मान वर न काढता म्हणे, "जे झालं त्याचा कंटाळा आलाय म्हणून."

आई वाचायची ती अधाशासारखी. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तिची नोकरी. हातानं वायर खोचायची, तोंडानं 'जोडून देते' म्हणायचं आणि गुडघ्यावर पुस्तक. घरी भाजी ढवळताना पुस्तक, केस वाळवताना पुस्तक. खूण म्हणून पानात हाताला लागेल ते घालायचं, चमचा, कंगवा, एकदा तर गाजराचं साल. वाचनालयात उभ्याउभ्या ती आधी शेवटचं पान वाचून घ्यायची. शेवटाची धास्ती नसली की सावकाश वाचता येतं, हे तिचं म्हणणं. गोष्टीत फार काही घडायला लागलं की ती नाक मुरडायची. तिची सगळ्यांत लाडकी कादंबरी होती बटणांचं दुकान चालवणाऱ्या दोन बहिणींची. साडेतीनशे पानं त्या बहिणी बटणं लावून ठेवतात, एकमेकींवर रुसतात, आणि शेवटी एक गिऱ्हाईक येऊन एक बटण घेऊन जातं. आईनं ती अकरा वेळा वाचली होती.

त्या वाचनालयातल्या जुन्या सभासदांची एक चोरटी रीत होती. कादंबऱ्या हजारो, पुठ्ठे सगळे सारखे. घरी नेऊन चाळीस पानं वाचल्यावर लक्षात यायचं की हे तर आपण मागच्या वर्षीच वाचलंय. म्हणून प्रत्येकानं आपली एक खूण ठरवली होती. कुणी विसाव्या पानावर पेन्सिलीनं चांदणी काढायचं, कुणी शंभराव्यावर फुली. हे अर्थातच नियमाविरुद्ध होतं. ग्रंथपालबाई खोडरबर घेऊनच बसलेल्या असत, पण कोणती खूण कुणाची हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि त्यांचा रबर बरोबर त्या खुणांना वळसा घालून जाई.

आईची खूण एकोणतिसाव्या पानावर, आकड्याच्या खाली. एक ठिपका म्हणजे वाचलंय, आणू नकोस. दोन ठिपके म्हणजे वाचलंय, पण मिळालं तर आण. हे लेकीला माहीत होतं, कारण लहानपणी पुस्तक बदलायला तिलाच पिटाळलं जायचं. बाबांना एवढंच माहीत होतं की आपली बायको पुस्तकात कुठेतरी काहीतरी करते. कुठे आणि काय, हे विचारायचं त्यांच्याकडून राहून गेलं.

आई गेली त्याला पाच महिने झाले होते. लेक एका छापखान्यात मुद्रितं तपासायची; कामाच्या सवयीनं तिनं आईच्या मागच्या गोष्टींचीही यादी केली होती आणि एकेक निस्तरत आणली होती. बँक झाली, पेन्शन झालं, फोन झाला. शेवटची ओळ राहिली होती: वाचनालयाचं कार्ड बंद करणे.

ते कार्ड न्यायला ती एका दुपारी बाबांकडे आली, तर टेबलावर एक जाडजूड कादंबरी. मुखपृष्ठावर वादळात सापडलेलं गलबत, पुढे शर्टाची बटणं तुटलेला एक कप्तान आणि त्याच्या दंडाला लोंबकळलेली एक बाई. बाबा चष्मा लावून, कानावर पेन्सिल अडकवून वाचत होते. शेजारी वही होती. लेकीनं वहीत डोकावलं. दुरुस्तीला गेल्यावर यंत्राच्या भागांचा तक्ता करावा तसा बाबांनी पात्रांचा तक्ता केला होता. कप्तान: चालू. कप्तानाची पहिली बायको: बंद, पान एकसष्ट. विधवा: चालू. विधवेचा नवरा: बंद समजला होता, पान दोनशे तीनला पुन्हा चालू.

"हे काय?" लेकीनं विचारलं.

"तुझ्या आईचं पुस्तक," बाबा म्हणाले. "थांब जरा, यांचं गलबत आता फुटणार आहे."

गलबत फुटल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. शेवटच्या पंधरवड्यात आईला उठवत नव्हतं, तेव्हा पुस्तक बदलायला तेच गेले होते. त्यांना त्यातलं काय कळणार. जहाजाचं चित्र प्रसन्न वाटलं म्हणून एक उचलून आणलं. आई रोज त्यातली दोनचार पानं वाचायची, त्यांच्याकडे बघून हसायची आणि पुस्तक मिटायची. ते अर्ध्यावरच राहिलं. नंतर ते परत करायला निघताना त्यांनी सहज चाळलं, तर चाळिसाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेला बारकासा मासा. तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हीच तिची खूण. म्हणजे हे तिनं आधीच वाचलेलं होतं, आणि मी उगाच धावपळ केली असं मला वाटू नये म्हणून ती बोलली नाही.

त्या दिवशी त्यांनी पुस्तक परत केलंच नाही. घरी बसून पहिल्या पानापासून, प्रकाशकाच्या पत्त्यासकट वाचून काढलं. मग वाचनालयात जाऊन कपाटंच्या कपाटं धुंडाळली, चाळिसावं पान उघडून बघत. आतापर्यंत सतरा मासे सापडले होते. तलवारी, खजिने, विषप्रयोग, आणि दर पुस्तकात निदान एक तरी पळून जाणारी विधवा.

"मला वाटायचं, तुझी आई आपली साधीसुधी," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते, पण चेहऱ्यावर अभिमान काही लपत नव्हता. "आतून भलतीच जहांबाज होती गं."

लेकीनं टेबलावरचं ते सतरावं पुस्तक हातात घेतलं आणि एकोणतिसावं पान उघडलं. आकड्याखाली पान कोरं होतं. म्हणजे आईनं हे कधी वाचलंच नव्हतं. मासा आईचा नाही, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण पाच महिन्यांत बाबा इतकं सलग बोललेले तिनं पहिल्यांदाच ऐकले होते.

ती तडक वाचनालयात गेली. ग्रंथपालबाईंनी तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहिलेलं. लेकीनं 'मासा' म्हणताच त्यांनी रबर खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, तो मासा कवळीवाल्या डॉक्टरांचा.

कवळीवाले डॉक्टर म्हणजे चौकातले दाताचे डॉक्टर, आता निवृत्त झालेले. सगळ्या पेठेला चूळ कशी भरावी यावर व्याख्यान देणारा, कडक इस्त्रीचा, न हसणारा माणूस. दर बुधवारी येऊन ते पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालूनच घरी नेत. आत काय असतं ते फक्त बाईंना माहीत होतं.

"मग तुम्ही बाबांना सांगितलं का नाही?" लेकीनं विचारलं.

बाई म्हणाल्या, ते पहिल्या दिवशी आले तेव्हा म्हणाले, तिच्यासाठीच नेतोय. त्यावर मी काय बोलायचं? आणि आता तर डॉक्टरही कुरकुर करायला लागलेत, माझ्या आवडीचं प्रत्येक पुस्तक कुणीतरी माझ्या पाठोपाठ नेतंय म्हणून. पण महिनाअखेरीला सभासदांची तपासणी आहे, तेव्हा कार्ड बंद करावंच लागेल. एवढं बोलून त्यांनी एकाच्या पुस्तकावर ठप्पा मारला, गरजेपेक्षा जरा जोरात.

लेक कपाटांच्या मधल्या बोळात जाऊन उभी राहिली. तिला राग येत होता, आणि तो नेमका कुणावर ते कळत नव्हतं. चाळीस वर्षं घरात वावरलेल्या बाईला हा माणूस तिच्या माघारी समजून घ्यायला निघाला होता, आणि समजून घेत होता कुणाला, तर एका दंतवैद्याला. जी बाई एक बटण विकलं जावं म्हणून साडेतीनशे पानं थांबायची, तिच्या नावावर गलबतं फुटत होती. नाही, बाबांना खरी आई भेटायलाच हवी होती. फक्त सतरा मासे हिरावून न घेता.

तिनं बटणांच्या दुकानाची कादंबरी शोधून काढली. एकोणतिसाव्या पानावर दोन ठिपके होते, दरवर्षी नव्यानं दाबून दाबून काळेभोर झालेले. लेकीनं त्यांच्याकडे फार वेळ बघितलं नाही. चाळिसावं पान उघडलं, पर्समधून पेन्सिल काढली आणि कोपऱ्यात एक मासा काढला. आयुष्यभर छापील कागदावरच्या चुका खोडत आलेल्या तिनं पहिल्यांदाच एक चूक मुद्दाम काढून ठेवली. एकूण मासा बरा झाला. तिनं आणखी तीन पुस्तकांत तीन मासे काढले, आईची लाडकी होती त्यांत. ती काउंटरवरून जाताना ग्रंथपालबाईंनी रबर सरळ ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर लावून घेतला.

चार दिवसांनी बाबांचा फोन आला. ताबडतोब ये म्हणाले.

टेबलावर बटणांच्या दुकानाची कादंबरी उघडी होती आणि बाबा हातात भिंग घेऊन बसले होते. शेजारी सतरा नंबरचं गलबत.

"हे बघ," ते म्हणाले. "हा मासा डुप्लिकेट आहे."

बाबांनी शांतपणे समजावून सांगितलं, शिकाऊ मेकॅनिकला सांगावं तसं. अस्सल मासा एका झटक्यात काढलेला असतो, पेन्सिल न उचलता. शेपटीशी दोन रेघा एकमेकींना ओलांडतात. याची शेपटी वेगळी जोडलेली आहे. आणि याला डोळा आहे. सतरा माशांत एकालाही डोळा नव्हता. बाजारात नकली पार्ट येतात ते असेच असतात, अस्सलपेक्षा जास्त देखणे.

"आणि पुस्तक तर बघ. वीस पानं झाली, एक बाई डबे पुसतेय. हे तुझ्या आईचं असूच शकत नाही. वाचनालयात कुणीतरी खोडसाळपणा करतंय. मी उद्या लेखी तक्रार देणार आहे."

लेक हसली. आधी नुसती हसली, मग तिला ते आवरेना. मग बाबांचा चेहरा बघून आवरलं.

"बाबा, तो मासा मी काढला."

"तू?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "कशाला?"

"हे पुस्तक आईचं आहे. अगदी आईचं. आणि बाकीचे मासे," ती थांबली, "बाकीचे मासे आईचे नाहीत."

तिनं एकोणतिसावं पान उघडून ठिपके दाखवले, एकाचा अर्थ सांगितला, दोहोंचा सांगितला. बाबांनी ऐकून घेतलं. मग वही ओढली आणि सतरा पुस्तकांच्या यादीवरून बोट फिरवलं, वरून खाली.

"सगळे?"

"सगळे."

"मग आहेत कुणाचे?"

"कवळीवाल्या डॉक्टरांचे."

बाबांचा हात आपोआप डाव्या गालावर गेला. "त्या माणसानं माझी दाढ काढलीय," ते म्हणाले. "आणि मी त्याच्या विधवा वाचत बसलो. मोठ्यानं वाचल्या गं. तुझ्या आईच्या खुर्चीकडे तोंड करून." मग घसा खाकरून पुढे म्हणाले, "ते बेटावरचं प्रकरण दोनदा वाचलं."

लेकीनं ओठ दाबून धरले. पण बाबा हसत नव्हते. त्यांनी चष्मा काढून ठेवला होता, आणि चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता.

"मला वाटलं, उशिरा का होईना, कळली मला ती."

डुप्लिकेट मासाच राहू दिला असता तर बरं झालं असतं, असं लेकीला वाटून गेलं. पण ते पुरतं खरं नव्हतं. ती थोडा वेळ बसली, मग पुस्तक तिथंच ठेवून निघाली. बाबांनी दार लावताना नेहमीसारखं 'जपून जा' म्हटलं नाही.

आठ दिवस त्यांचा फोन आला नाही. लेकीनं केला की हो, नाही, ठीक आहे, एवढंच. बुधवारी मात्र ते स्वतः छापखान्याच्या दारात उभे. हातात आईचं कार्ड. म्हणाले, चल, ते बंद करून टाकू, तुझ्या यादीतलं एवढंच राहिलंय ना.

ग्रंथपालबाईंनी कार्ड घेतलं. त्यावर शिक्क्यांची इतकी दाटी झाली होती की 'बंद' हा शिक्का मारायला जागा सापडेना. शेवटी त्यांनी तो मागच्या बाजूला मारला, हलक्या हातानं. शिक्का उमटेपर्यंत बाबा तिकडेच बघत राहिले. मग म्हणाले, एक नवीन फॉर्म द्या.

"कुणासाठी?" बाईंनी विचारलं.

"माझ्यासाठी. त्या विधवेचं पुढे काय झालं ते मला कळायला हवं. ते पुढच्या भागात आहे, अठराव्यात."

फॉर्मवर 'आवडीचा विषय' असा रकाना होता. बाबांनी बराच विचार करून तिथं 'समुद्र' असं लिहिलं. अठरावं पुस्तक शोधायला ते कपाटाकडे वळले तर ते जागेवर नव्हतं. ते वर्तमानपत्राच्या कव्हरात गुंडाळलं जात होतं, शेजारच्याच टेबलावर. कवळीवाल्या डॉक्टरांनी वर पाहिलं. बाबांनी पुस्तकाकडे पाहिलं. दोन सभ्य गृहस्थ एकमेकांचं सगळं काही ओळखून गप्प बसले, आणि लेकीनं जमिनीवरच्या फरशा मोजायला घेतल्या.

शेवटी बाबाच बोलले. "डॉक्टर, सावकाश वाचा. पण संपलं की मासा काढायला विसरू नका."

डॉक्टरांच्या कडक इस्त्रीला कुठेतरी सुरकुती पडली. त्यांनी आवाज खाली आणत विचारलं, की तुम्ही ते बेटावरचं वाचलंत का. दोनदा, बाबा म्हणाले. डॉक्टरांनी कव्हर घालणं थांबवलं आणि शेजारची खुर्ची ओढून दिली. ते दोघं बोलत बसले ते ग्रंथपालबाईंनी दिवे मालवायची तयारी करेपर्यंत, आणि लेकीला एवढंच ऐकू आलं की डॉक्टरांच्या मते कप्तान मूळचाच नालायक होता आणि बाबांना ते बिलकूल मान्य नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी लेक घरी गेली. अठरावं पुस्तक अजून डॉक्टरांकडेच होतं. बाबा खिडकीशी बसून बटणांच्या दुकानात शिरले होते, नव्वदाव्या पानापर्यंत. लेक समोर बसली. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी पुस्तक मांडीवर पालथं घातलं.

"काहीच घडत नाही गं यात."

"आईला तेच आवडायचं."

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं.

"तरीच," ते म्हणाले. "चाळीस वर्षं माझ्याबरोबर टिकली."

आणि त्यांनी पुस्तक पुन्हा सुलटं केलं. लेक चहा ठेवते म्हणून आत गेली. स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ वाहत राहिला. बाबांनी हाक मारली नाही. ते सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचत राहिले; दुकानात धाकटीनं थोरलीचा डबा चुकून वरच्या फळीवर ठेवला होता, आणि आता काय होणार, हे त्यांना काही केल्या कळत नव्हतं.